डोहाळे कोणाचे?

गेल्या आषाढात माझे ग्रंथालय सुटले. जुना कागद, डिंक आणि कपाटांतल्या डांबरगोळ्या यांचा जो एकत्रित वास आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिरताच येतो, आणि ज्याला मी गेली पंधरा वर्षे विद्वत्तेचाच वास समजत आले, त्या वासाने मला मळमळू लागले. पहिले तीन महिने मी दाराबाहेर उभी राहत असे आणि ग्रंथालय परिचर पुस्तके बाहेर आणून देत असत. ती मी घरी नेई आणि उन्हाची तिरीप येईल तेव्हा गच्चीत उघडी करून ठेवी. वाचकाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. आदर्श वाचक, सहृदय, संहितेने गृहीत धरलेला वाचक अशा त्याच्या जाती आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. त्यांपैकी एकालाही पोट असल्याचे माझ्या स्मरणात नाही.

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पदव्युत्तर वर्गांना लोकसाहित्य शिकवते. माझा प्रबंध स्त्रियांच्या ओव्यांवर आहे. २०१९ साली तो विद्यापीठाला सादर केला, आणि आता एका प्रकाशकाच्या आग्रहावरून त्याचे पुस्तक करण्याचे काम चालू आहे. त्यातील चौथे प्रकरण गर्भारपण आणि बाळंतपण यांविषयीच्या ओव्यांचे आहे. मी स्वतः सध्या आठव्या महिन्यात आहे, आणि प्रस्तुत टिपण त्या चौथ्या प्रकरणाविषयी आहे. त्यात एक चूक झाली आहे. ती मार्गदर्शकांच्या ध्यानात आली नाही, परीक्षकांच्याही आली नाही. किंबहुना त्यांनी त्याच प्रकरणाचा विशेष उल्लेख केला होता. मलाही ती कळली नसती, जर एका विद्यार्थिनीने वर्गात एक साधा प्रश्न विचारला नसता.

परंतु त्याआधी एका दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगितले पाहिजे. दिवस गेल्याचे कळताच जो तो मला एकच विचारू लागला: "काय खावंसं वाटतं?" प्राध्यापक कक्षातील सहकारी, शेजारच्या काकू, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई, सगळ्यांचा हाच प्रश्न. खरे उत्तर असे होते की मला काहीच खावेसे वाटत नव्हते. तसे सांगितले की समोरचीचा चेहरा उतरे. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी तर, "असं कसं होईल? नीट आठवून बघा," असे म्हटले. अखेरीस मी "चिंच" असे उत्तर देऊ लागले. त्याबरोबर सर्वांचे समाधान झाले. दोघींनी दुसऱ्या दिवशी चिंचा आणूनही दिल्या. त्या मी आमटीत घातल्या.

या प्रसंगाने मी मनोमन सुखावले, कारण माझ्या प्रबंधाचा सिद्धान्त मी स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध करीत होते. चौथ्या प्रकरणातील माझे प्रतिपादन थोडक्यात असे होते. डोहाळ्यांच्या ओव्यांत आणि गाण्यांत पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंत पदार्थांची एक यादी येते: चिंच, बोरे, डाळिंब, पाडाचा आंबा, खिरी, कानवले. गावे बदलतात, गाणाऱ्या बदलतात, यादी मात्र फारशी बदलत नाही. अर्थात ही यादी कोणा एकीच्या इच्छेचा उच्चार नाही, तो एक संकेत आहे. त्या संकेतात बाईची भूक पोटातल्या बाळाच्या नावावर जमा होते, आणि बाळ म्हणजे बहुधा मुलगा. तेव्हा ओवी बाईच्या मुखातून आली तरी बोलते ती घराण्याची व्यवस्था. मांडणी नीटस होती. आजही तिच्यातील प्रत्येक विधान सुटे घेतले तर मला ते चुकीचे वाटत नाही.

या मांडणीला मी शास्त्राचा आणि काव्याचा जो आधार दिला होता, तोही खराच आहे. डोहाळे हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला, आणि त्याच्याशी आपल्या परंपरेने 'दौहृद' म्हणजे दोन हृदयांची अवस्था ही कल्पना जोडली आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात असे म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, आणि दोन हृदये असलेली ती स्त्री दौहृदिनी. तिची इच्छा अपुरी राहिली तर गर्भात व्यंग निर्माण होते. एवढेच नव्हे, तर कोणती इच्छा झाली असता कसे मूल होईल याची यादीही तेथे आहे: राजाला पाहावेसे वाटले तर मूल धनवान होईल, आश्रम पाहावासा वाटला तर संयमी आणि धर्मशील होईल. म्हणजे इच्छा ज्या देहात उद्भवते तो देह तिचा मालक नाही. तो केवळ तिचा निवेदक आहे. लेखक आणि निवेदक यांत भेद करावा हे आपण समीक्षेत फार उशिरा शिकलो, असे आपल्याला वाटते. वैद्यांनी तो भेद गर्भिणीच्या बाबतीत कधीच करून टाकला होता.

कवींनी हा संकेत झाडांपर्यंत नेला. 'मालविकाग्निमित्रा'त अशोकाला फुलण्यासाठी सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श हवा असतो. राणी धारिणीचा पाय दुखावलेला असल्याने ते काम मालविकेकडे येते, आणि नाटक पुढे सरकते. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेला दिवस गेले आहेत. दिलीप राजा तिला काय हवे ते विचारतो, पण कोणाला? तिच्या सख्यांना. राणी लाजते, आपण होऊन काही सांगत नाही, म्हणून तो पुनःपुन्हा सख्यांकडे चौकशी करतो. या सर्गाचे मी प्रबंधात कौतुकाने विश्लेषण केले होते. इच्छा आहे, ती पुरवणारा आहे, मध्यस्थ आहेत. फक्त जिची इच्छा तिचा आवाज नाही.

ही रचना कालिदासाच्या काळी संपली असेही नाही. विसाव्या आठवड्यात मी सोनोग्राफीसाठी गेले. भिंतीवर, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, असा फलक होता. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ साली झाला. त्यामागे स्त्रीचळवळीने केलेली मोठी झुंज आहे, आणि तो फलक वाचताना मला त्या झुंजीविषयी कृतज्ञता वाटली. मी 'एफ' नमुन्याच्या अर्जावर सही केली. नंतर हाती आलेला अहवाल मी घरी येऊन तीनदा वाचला, जसा एखादा नवा वाङ्मयप्रकार वाचावा तसा. डोक्याचा व्यास, मांडीच्या हाडाची लांबी, हृदयाचे चार कप्पे, पाण्याचे प्रमाण, वारेची जागा. सर्व वाक्ये कर्मणी. 'दिसून आले', 'आढळले नाही'. एवढ्या तपशिलात माझे नाव पहिल्या ओळीत वयासह एकदा येते आणि पुन्हा कोठेही येत नाही.

गंमत कालगणनेची आहे. दिवस मोजले जातात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि त्यात २८० दिवस मिळवून प्रसूतीची तारीख काढली जाते. म्हणजे गर्भारपणाच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ असतच नाही. कथानक सुरू होण्याच्या आधीच कथेची सुरुवात झालेली असते. मराठीत याला आपण 'दिवस जाणे' म्हणतो. गेलेले दिवस मोजायचे आणि त्यावरून येणारा ठरवायचा, हे त्या शब्दात नकळत आले आहे.

याच सुमारास एका स्नेह्यांनी गर्भसंस्कारांवरचे एक पुस्तक भेट दिले. त्यात अभिमन्यूची गोष्ट होतीच. अर्जुन चक्रव्यूहाचा भेद सांगत होता, सुभद्रेला झोप लागली, म्हणून बाहेर पडण्याची युक्ती बाळाने ऐकली नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू इतकेच सांगतो की व्यूह फोडून आत जाण्याची युक्ती पित्याने मला शिकवली आहे, बाहेर पडण्याची मला साधणार नाही. आईची झोप तेथे नाही. ती लोकपरंपरेने नंतर घातली, आणि एका तरुण योद्ध्याच्या मरणाचा दोष एका थकलेल्या गर्भिणीच्या डुलकीवर गेला. त्या दिवसांत मला दुपारी चार वाजता, भर तासाला, उभ्या उभ्या झोप येत असे. ती गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले आणि झोपले.

आता त्या विद्यार्थिनीविषयी. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे लग्न पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर झाले. ती सासरहून रोज एस.टी.ने येते, शेवटच्या बाकावर बसते आणि सहसा बोलत नाही. सप्टेंबरमध्ये मी डोहाळ्यांच्या ओव्या शिकवत होते. संकेत, यादी, पुरुषसत्ताक व्यवस्थेचा आवाज, हे सर्व मी नेहमीच्या क्रमाने सांगितले. माझे पोट तोवर दिसू लागले होते, आणि वर्ग त्याकडे न पाहण्याची शिकस्त करीत होता. तास संपता संपता तिने विचारले, "मॅडम, हे सगळं त्या बायकांना मिळायचं का?"

मी म्हणाले की हा प्रश्न साहित्याचा नाही, समाजेतिहासाचा आहे. ओवीत पदार्थ येतो तो प्रतिमा म्हणून. तिने मान हलवली आणि वही मिटली. आपण उत्तर दिले नाही, प्रश्नाचे खाते बदलले, हे मला वर्गाबाहेर पडण्याआधीच कळले होते.

त्या रात्री मी मूळ ध्वनिमुद्रणे काढली. चौथ्या प्रकरणातील ओव्यांचा मोठा भाग माझ्या आजीकडून मिळालेला आहे. बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावी तिचे सारे आयुष्य गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मी रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा घरातले जाते कित्येक वर्षे बंद होते. दळण गिरणीतून येत होते. पण नुसते बसून तिला ओवी आठवेना. हात फिरला पाहिजे, म्हणाली. मग चुलत्यांनी जाते पुसून दिले, तिने मूठभर ज्वारी घातली आणि ती गाऊ लागली. लिप्यंतर मी तेव्हाच केले होते. त्यानंतर मूळ फीत पुन्हा ऐकण्याचे कारण पडले नव्हते. आजी २०२० मध्ये गेली.

आठ वर्षांनी तिचा आवाज ऐकणे सोपे नव्हते. पण मला सांगायचे आहे ते दुसरेच. डोहाळ्यांची ओवी संपते. जाते थांबते. आजीला धाप लागली आहे, ती ऐकू येते. मग ती हसते आणि म्हणते, "ह्ये समदं मला लई खावंसं वाटायचं. मागायचं कुणाला?" थोडी शांतता. मग ती म्हणते, "तुझ्या बापाच्या आदी एक व्हता बाई माझा..." आणि त्यावर एक तरुण, उत्साही, घाईतला आवाज येतो: "आजी, पुढची ओवी सांग ना." पाठोपाठ बटण दाबल्याचा आवाज. ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू होते तेव्हा जाते फिरत असते आणि ओवी सीतेच्या वनवासाची असते.

तो तरुण आवाज माझा. आजीने पुढे काय सांगितले, मला आठवत नाही. तिने सांगितले असणार, कारण जाते पुन्हा सुरू होण्यापूर्वी काही वेळ गेलेला आहे. मी ते ऐकलेही असेन. पण मी तेथे ओव्या गोळा करायला गेले होते आणि ते बोलणे संहितेबाहेरचे होते. वडिलांना विचारले. त्यांना इतकेच ठाऊक होते की आपल्याआधी एक मूल होते, ते राहिले नाही. मुलगा की मुलगी, किती दिवसांचे, नाव ठेवले होते का, यांतले काही त्यांना सांगता आले नाही. आजीच्या वाक्यातील 'एक व्हता' यावरून तो मुलगा होता, एवढे मी त्यांना सांगितले. सत्तरीच्या माणसाला आपल्याला एक मोठा भाऊ होता हे माझ्याकडून कळले.

चूक आता स्पष्ट व्हावी. यादी हा संकेत आहे, हे खरे. पण संकेत म्हणजे इच्छेचा अभाव, हा निष्कर्ष मी कोठून काढला? आजीच्या घरी सुनेने चिंच मागणे शक्य नव्हते. पहाटे जात्यावर चिंचेची ओवी म्हणणे शक्य होते, कारण ती 'सगळ्याच म्हणतात'. ओवी जितकी सर्वांची, तितकी ती एकीला सुरक्षित. यादी न बदलण्यामागे व्यवस्थेचा आवाज आहे असे मी म्हटले होते. तिच्यामागे आडोशाची गरजही असू शकते, हे माझ्या मनात आले नाही. आणि मी ज्याला प्रतिमा म्हटले, ती न मिळालेल्या वस्तूंची मोजदाद होती. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच मुद्रणात आठ वर्षे पडून होते.

येथे मला स्वतःलाच एक हरकत घेतली पाहिजे. एका आजीच्या एका वाक्यावरून सर्व ओव्यांचा अर्थ ठरत नाही. कोणी संधी मिळताच यथेच्छ खाल्ले असेल, कोणाच्या भावाने खरेच आंबे पाठवले असतील. म्हणून मी इतर गायिकांची मुद्रणेही ऐकली. ती सगळी एकाच पद्धतीने संपतात: ओवी पुरी होते, बाई श्वास घेते, आणि बटणाचा आवाज. माझा नवा अर्थ तपासून पाहण्याचे साधन मीच नष्ट केलेले आहे. हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त आहे. त्या शिस्तीचा मी प्रबंधात गौरव केला होता आणि माझ्या परिशिष्टात नावे, गावे, वये नेमाने दिली होती. नावे नोंदवली म्हणजे बाई नोंदवली गेली, अशी माझी समजूत होती.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. हे टिपण वाचताना कोणी म्हणेल की स्वतःला दिवस गेले तेव्हा बाईंना ओवी कळली. मला हे मान्य नाही, आणि ते मान्य करण्याचा मोह मला अनेकदा झाला म्हणूनच ते येथे लिहिते. अनुभव आणि आकलन यांच्या नात्याचा वाद मराठीत जुना आहे. दलित साहित्याच्या चर्चेत तो सर्वांत तीव्रतेने लढला गेला, आणि ज्याने भोगले त्याच्या शब्दाचे वजन वेगळे असते, हे त्या चर्चेने आपल्याला कायमचे शिकवले. तथापि तेथून, ज्याने भोगले नाही त्याला कळणारच नाही, असा नियम निघत नाही. माझ्या आजीच्या गर्भारपणाशी माझ्या गर्भारपणाचे साम्य फारसे नाही. मला चिंच हवी असती तर दोन सहकारी ती घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्या देहाने मला दिले ते मळमळ, झोप आणि भीती. ओवीचा अर्थ त्याने दिला नाही. तो दिला एका मुलीच्या प्रश्नाने आणि एका पूर्ण ऐकलेल्या ध्वनिफितीने. २०१५ मध्ये मला मूल नव्हते म्हणून मी चुकले नाही. मी यंत्र बंद केले म्हणून चुकले. हा दोष अनुभवाचा नाही, पद्धतीचा आहे, आणि म्हणून तो सुधारता येतो.

येथे थांबले असते तर टिपण चांगले झाले असते. पण डोहाळ्यांच्या प्रश्नाने डिसेंबरमध्ये आणखी एक वळण घेतले.

सातव्या महिन्यात सहकाऱ्यांनी प्राध्यापक कक्षात माझे छोटे डोहाळजेवण केले. हिरवी साडी, ओटी, फुलांचे दागिने. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सोनोग्राफीच्या खोलीतील फलक मला आठवला. जे यंत्राला निषिद्ध ते वाटीला माफ. मी उघडलेल्या वाटीत बर्फी निघाली. क्षणभर सगळ्या थांबल्या, मग एकजण म्हणाली, "छान, पहिली बेटी धनाची पेटी." माया खोटी नव्हती. त्या दुपारी मला खरेच बरे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून बोलावणे आले. मी तासिका तत्त्वावर काम करते, म्हणजे घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. न घेतलेल्याचे मिळत नाही. नेमणूक वर्षागणिक नवी. दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक तयार होत होते. मी प्रसूतीच्या रजेविषयी विचारले. समोरचे गृहस्थ सज्जन आहेत. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता आरामच करा. तुमच्या तासिका आम्ही दुसऱ्यांना देतो. काही काळजी करू नका."

प्रसूतीविषयक लाभांचा कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली. कंत्राटाची मुदत संपली म्हणून हा लाभ संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या दाव्यात सांगितले आहे. हे सर्व मला माहीत होते. पण त्या खुर्चीवर बसून "आरामच करा" हे शब्द ऐकताना मला कायदा आठवला नाही. मला रथ आठवला.

'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात राम गर्भवती सीतेला काय हवे ते विचारतो. सुदक्षिणेप्रमाणे ती सख्यांच्या आड राहत नाही, स्वतः सांगते: भागीरथीच्या तीरावरची तपोवने पुन्हा पाहायची आहेत. सुश्रुताच्या यादीप्रमाणे ही तर उत्तम इच्छा. नंतर लोकापवाद कानी येतो, आणि तिला सोडून येण्यासाठी याच इच्छेचे निमित्त होते. लक्ष्मण तिला रथात बसवून नेतो. ती आनंदात आहे, कारण आपला डोहाळा पुरवला जात आहे असे तिला वाटते. भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात हे अधिक क्रूरपणे जुळवले आहे: तेथे रथ मागवला जातो तो तिच्या इच्छेसाठीच, आणि तोच रथ त्यागासाठी उपयोगी पडतो. मी हा प्रसंग अनेकदा शिकवला आहे. रामाच्या द्वंद्वावर, करुण रसावर, चित्रदर्शनाच्या योजनेवर बोलले आहे. पण इच्छा पुरवण्याची आणि घालवून देण्याची क्रिया एकच असू शकते, या गोष्टीवर कधी थांबले नाही. विश्रांती मागावी आणि ती कायमची मिळावी. आजीने डोहाळ्यांच्या ओवीनंतर लगेच सीतेच्या वनवासाची ओवी का घेतली, हा योगायोग असेल. तिने तो विचार करून क्रम लावला असेल, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या प्रबंधात त्या दोन ओव्या दोन वेगळ्या प्रकरणांत आहेत, आणि ते विभाजन तिचे नव्हे, माझे आहे.

सहा महिने प्रत्येक जण मला काय खावेसे वाटते ते विचारत होता. काय हवे आहे, असे कोणी विचारले नव्हते, आणि मीही सांगितले नव्हते. पुढच्या सोमवारी मी अर्ज लिहिला. मराठीची प्राध्यापिका असून अर्ज लिहिणे मला जड गेले. 'विनंती की' आणि 'कृपया' यांच्या मध्ये आपले म्हणणे कोठे ठेवावे ते कळेना. पहिल्या मसुद्यात मी बाळाच्या आरोग्याचे कारण पुढे केले होते. मग लक्षात आले की मी पुन्हा दौहृदच लिहीत आहे. माझी मागणी बाळाच्या नावावर जमा करीत आहे. ते वाक्य खोडले. अर्जात लिहिले की मला २६ आठवड्यांची प्रसूती रजा हवी आहे, त्या काळातील मानधन हवे आहे, आणि रजेनंतर लोकसाहित्याचा हा पेपर मला पुन्हा शिकवायचा आहे. आवक क्रमांकासह पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही. येईल ते काय येईल, याविषयी मी फारशी आशावादी नाही.

मधल्या काळात वासाचा त्रास पुष्कळ कमी झाला आणि मी पुन्हा ग्रंथालयात बसू लागले. पुस्तकाची मुद्रिते आली आहेत. चौथे प्रकरण मागे घेण्याचा विचार मी केला होता, पण प्रकाशकांना ते शक्य नाही, आणि तसे करणे मला प्रामाणिकही वाटले नसते. वर्गात मात्र मी त्या मुलीला उत्तर दिले. म्हणाले, मला ठाऊक असलेल्या एका बाईला तरी यांतले काही मिळाले नव्हते. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, मॅडम."

मुद्रितांत मी एकच भर घातली आहे. डोहाळ्यांची ओवी संपते तेथे, पुढची ओवी सुरू होण्याआधी, आजीची दोन वाक्ये जशीच्या तशी दिली आहेत, आणि त्यांखाली एक ओळ: येथे गायिका आपल्या पहिल्या मुलाविषयी बोलत असताना संशोधिकेने ध्वनिमुद्रण थांबवले.